अपेंडिक्सचं ऑपरेशन एवढं सोपं कसं झालं, त्यामागची गोष्ट

आमच्या शेजारच्या पोराला मागच्या महिन्यात रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, पहाटेपर्यंत दुखणं खाली उजवीकडे सरकलं, उलटी झाली, आजीने एरंडेल काढलं होतं पण त्याच्या आईने देऊ दिलं नाही, सरळ रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, संध्याकाळी दुर्बिणीने ऑपरेशन, दोन दिवसांत पोरगं घरी. किती सोपं झालंय आता, असं सगळी गल्ली म्हणत होती. पण हे सोपं व्हायला फार वर्षं लागली.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी बोटासारखी छोटी नळी, ती काढल्याची पहिली नोंद १७३५ ची, लंडनची. क्लॉडियस अमियांड नावाच्या सर्जनने ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन केलं तर आत अपेंडिक्स सापडलं, त्याला पोराने गिळलेल्या टाचणीने भोक पडलेलं. भूल तेव्हा नव्हतीच, त्या लेकराने काय सोसलं असेल! ते वाचलं. पण पुढची दीडशे वर्षं डॉक्टरांना वाटत राहिलं की दुखणं मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं आहे, मग अफू द्यायची, जुलाब द्यायचे आणि वाट बघायची. १८८६ ला बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने सांगितलं की मूळ अपेंडिक्समध्येच आहे, 'अपेंडिसायटिस' हे नावही त्यानेच दिलं, आणि लवकर ऑपरेशन करा म्हणाला. डॉक्टर कमरेचं हाड आणि बेंबीच्या मधे उजवीकडे जिथे बोट दाबतात ना, ती जागा न्यूयॉर्कच्या मॅकबर्नीने १८८९ ला सांगितली.

तरी थांबायची सवय जाईना. लंडनचे नामांकित सर्जन फ्रेडरिक ट्रेव्ह्स हे आधी 'सूज उतरू द्या, मग बघू' याच मताचे होते. १९०० मध्ये त्यांची स्वतःची मुलगी अपेंडिक्सनेच गेली. आणि दोनच वर्षांनी, २४ जून १९०२ ला, राज्याभिषेकाला दोन दिवस राहिलेले असताना त्यांनीच राजा सातव्या एडवर्डचं पोट उघडून पू काढला. सोहळा पुढे ढकलला गेला पण राजा वाचला, आणि लोकांची या ऑपरेशनची भीती बरीच कमी झाली. मला या सगळ्यात ट्रेव्ह्सचीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

दुर्बिणीने पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं १९८० मध्ये, जर्मनीच्या कुर्ट सेमने, आणि तो स्त्रीरोगतज्ज्ञ होता. तिथले सर्जन इतके चिडले की याची प्रॅक्टिस बंद करा इथपर्यंत मागणी गेली. आज आपल्या नाशिकमध्ये तीच पद्धत रोजची झालीये.

हल्ली विचारतात, नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही का? साध्या सुजेत भागतं कधी कधी. फिनलंडमध्ये तसं करून बघितलं, तर १०० पैकी साधारण २७ जणांना वर्षाच्या आत आणि ३९ जणांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलंच. अपेंडिक्समध्ये वाळलेल्या मळाचा खडा अडकला असेल तर धोका आणखी जास्त. हे डॉक्टरांनी स्कॅन बघून ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही.

कारण आत काय होतं तर अपेंडिक्सचं तोंड बंद होतं, आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही, भिंत सडते आणि फुटते. म्हणून तर एरंडेल नको आणि पोट चोळणंही नको. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून घाट ओलांडून सिव्हिलला यायचं म्हणजे तसेही तास जातात, त्यात भगताकडे एक दिवस आणि दुखणं दाबायच्या इंजेक्शनवर एक दिवस गेला की छोट्या भोकांचं ऑपरेशन पोट पूर्ण उघडण्यावर येतं, पू धुवावा लागतो, नळ्या ठेवाव्या लागतात, कधी आतड्याचा तुकडा काढावा लागतो, क्वचित शौचाची पिशवी पोटावर येते.

आणि एक गोष्ट घरोघरी माहीत पाहिजे. जोरात दुखत असलेलं पोट अचानक थांबलं तर घरचे देवाला हात जोडतात, पण कधी कधी ते फुटल्यामुळे थांबलेलं असतं, दाब मोकळा होतो म्हणून. काही तासांनी ताप चढतो आणि पोट लाकडासारखं कडक होतं.