भोजनकक्ष, फ्रेंच ग्रामीण शैलीचा

फ्रान्सच्या प्रांतिक भागांतील, विशेषतः प्रॉव्हाँस, नॉर्मंडी व ब्रिटनी येथील, शेतघरांच्या सामानावरून घडलेली भोजनकक्षाच्या सजावटीची शैली. लांब लाकडी मेज, गवती विणीच्या खुर्च्या, ताटांची मांडणी असलेले फडताळ, चुन्याच्या भिंती, उघड्या तुळया, भाजलेल्या मातीच्या षटकोनी फरश्या आणि छापील सुती कापड ही तिची परिचित अंगे होत.

जुन्या शेतघरात निराळा भोजनकक्ष बहुधा नसे. चुलाणे असलेली एकच मोठी सामाईक खोली असे. स्वयंपाक, जेवण आणि पुष्कळ ठिकाणी झोपणेही तिथेच होई. स्वतंत्र भोजनकक्ष फ्रान्समध्ये अठराव्या शतकात, तोही श्रीमंतांच्या घरांतून, रूढ होत गेला. त्यामुळे या शैलीत भोजनकक्षाचे म्हणून जे सामान मांडतात, त्यातील बरेचसे मुळात रांधण्याच्या जागेचे आहे. प्रॉव्हाँसमधील पानतिएर हे त्याचे उत्तम उदाहरण. अक्रोडाच्या लाकडाची ही लहानशी पावपेटी भिंतीवर टांगत. तिच्या दर्शनी बाजूला कातारी कामाच्या बारीक गजांची ओळ असते; गजांमधून हवा खेळल्याने पाव बुरसत नाही आणि पेटी उंचावर असल्याने उंदीर पोचत नाहीत. तिच्याखाली पेत्रँ, म्हणजे कणीक मळण्याची पायांची व झाकणाची पेटी असे. तिचे काम आपल्या काठवटीचेच. झाकण लावले की वर सामान ठेवता येई. पानतिएर आधी पेत्रँवरच ठेवीत आणि ती टांगण्याची चाल मागाहून पडली, असे काही अभ्यासक मानतात. ते संभवनीय वाटते.

या सामानाची कालनिश्चिती वादग्रस्त आहे. पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत (१७१५–७४) पॅरिसमध्ये रूढ झालेले वळणदार पाय आणि नागमोडी कडा प्रांतोप्रांतीच्या सुतारांनी उचलल्या. स्थानिक अक्रोड, ओक किंवा चेरीच्या लाकडात ते त्याच घाटाचे काम एकोणिसाव्या शतकातही बराच काळ करीत राहिले. जुन्या संग्राहकांनी केवळ घाट पाहून अशा वस्तू अठराव्या शतकातल्या ठरवल्या. सुझान तार्दिय यांनी १९५० मध्ये सालाची नोंद असलेल्या प्रांतिक सामानाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. घाटापेक्षा अशा नोंदी आणि मृत्यूनंतर नोटरींनी केलेल्या मालमत्तेच्या याद्या अधिक विश्वसनीय धरणे इष्ट. मांडणीतील रंगीत झिलईची मातीची भांडी मुस्तिए, रुआं, कँपेर इ. ठिकाणची. १७०९ मध्ये युद्धखर्चासाठी चांदीची भांडी वितळवण्यात आल्यावर त्यांना उच्चवर्गातही मागणी वाढली.

छापील कापड हे या शैलीचे सर्वांत ठळक अंग असून त्याचे मूळ भारतीय छिटात आहे. सतराव्या शतकात मार्सेय बंदरातून हे कापड फ्रान्समध्ये पसरले. तेथे त्याला ‘आंदिएन’ म्हणत. छपाई मार्सेयमध्ये कशी रुजली याविषयी मतभेद आहेत. खेळण्याचे पत्ते बनवणारे कारागीर बनुआ गँतोम यांचा १६४८ चा भागीदारी करार हा पहिला पुरावा मानतात. पत्त्यांच्या लाकडी ठशांवरून कापडाच्या ठशांकडे जाणे स्वाभाविक होते. परंतु ठसा उठवणे वेगळे आणि धुण्यात टिकणारा रंग देणे वेगळे. १६७२ मध्ये मार्सेयमध्ये आर्मेनियन कारागिरांशी करार झाल्याची नोंद आहे. पक्क्या रंगाची विद्या पूर्वेकडून, प्रामुख्याने आर्मेनियनांमार्फत आली, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य दिसते.

ही विद्या रंगबंधकांची, म्हणजे रंग कापडात पक्का धरून ठेवणाऱ्या द्रव्यांची होती. कोरोमंडल किनाऱ्यावर कापड आधी हिरडा व म्हशीच्या दुधात भिजवून वाळवीत. मग काळ्या रेघा लोहयुक्त द्रावाने काढीत आणि लाल हवे तिथे तुरटीचे पाणी लावीत. चाय नावाच्या मुळीच्या काढ्यात कापड उकळले की रंग फक्त तुरटीच्या जागी पक्का बसे. निळा रंग देताना उरलेला भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवीत. हिरव्यासाठी निळ्यावर पिवळा हात फिरवीत. फ्रेंचांनी या कृतीची पद्धतशीर टिपणे केली. जॉर्ज रोक यांच्या १६७८ च्या हस्तलिखितात अहमदाबादबरोबर खानदेश सुभ्यातील बऱ्हाणपूरच्या छपाईचीही माहिती आहे. पुदुच्चेरीतून आंत्वान द बोलिय यांनी १७३४ च्या सुमारास कामाच्या प्रत्येक टप्प्यावरचे नमुने जोडून वर्णन लिहिले, तर जेझुइट पाद्री केर्दू यांचे या विषयावरील पत्र १७४२ चे आहे.

लोकर व रेशीम व्यावसायिकांच्या हितासाठी २६ ऑक्टोबर १६८६ रोजी फ्रान्समध्ये या कापडावर बंदी आली. ती १७५९ मध्ये उठली. पोपच्या अमलाखालील आव्हिन्याँ परिसरात मात्र १७३४ पर्यंत छपाई चालू होती. प्रॉव्हाँसमध्ये हे कापड इतके मुरण्यामागे हे एक कारण असावे. पुढे मूळचे आर्मेनियन झाँ आल्तें यांनी याच भागात मंजिष्ठवर्गीय रंगवनस्पतीची लागवड वाढवली आणि लाल रंग घरचा झाला.

ओबेरकांफ यांनी १७६० मध्ये पॅरिसजवळ झुई येथे काढलेला कारखाना याहून निराळा. पांढऱ्यावर एकाच रंगात मेंढपाळ व शेतकरी दाखवणारे त्याचे कापड आज ‘ग्रामीण’ म्हणून पडद्यांना वापरतात. वस्तुतः १७८३ मध्ये त्या कारखान्याला शाही कारखान्याचा दर्जा मिळाला होता. तांब्याच्या पत्र्यावरून छपाईही झुईची पहिली नव्हे; डब्लिनजवळ ड्रमकाँड्रा येथे ती १७५२ मध्येच होत होती, झुईत १७७० मध्ये आली.

विखुरलेल्या या वस्तूंना एकत्र ‘शैली’ म्हणून पाहण्याची सुरुवात प्रादेशिक अस्मितेच्या चळवळीत झाली. कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी आर्ल येथे स्थापन केलेले लोकजीवन संग्रहालय १८९९ मध्ये खुले झाले; १९०४ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कम त्यांनी त्याच्या विस्तारासाठी दिली. नाताळच्या रात्रीचे मांडलेले जेवण तेथे पुतळ्यांसह दाखवले आहे. शार्ल देमेरी यांनी १९३९ पासून तारास्काँ येथील जुन्या छपाई कारखान्याचे पुनरुज्जीवन केले. अमेरिकेत या शैलीला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी बाजारपेठ मिळाली. ‘फ्रेंच कंट्री’ ही ओळख तिकडेच पक्की झाली.

नॉर्मंडीतील ओकची कोरीव लग्नकपाटे आणि ब्रिटनीतील दारे लावून बंद करता येणारे पेटीवजा पलंग यांचा आजच्या सजावटीत उपयोग मर्यादित असून पलंगाच्या जुन्या दारांपासून पुष्कळदा भांड्यांची फडताळे केलेली आढळतात. प्रॉव्हाँसच्या बाजारांत मिळणारे मेजपोस आता बहुतांशी यंत्रावर छापलेले असतात. तारास्काँच्या संग्रहात जुने लाकडी ठसे हजारोंच्या संख्येने जपलेले आहेत.