अँटेलोप घळई आणि पॉवेल जलाशय: एकाच ओढ्याचा वरचा आणि खालचा भाग

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या उत्तर सीमेजवळ पेज नावाचे छोटे गाव आहे. ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी १९५७ साली वसवलेल्या या गावाजवळ अँटेलोप ही अतिशय अरुंद घळई आहे आणि कोलोरॅडो नदी अडवल्यामुळे तयार झालेला पॉवेल जलाशयही आहे. आम्ही मित्रांनी ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिली आणि ती तशीच पाहावीत असे मला मनापासून वाटते. कारण ज्या एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याने ही घळई कोरली, तोच ओढा पुढे या जलाशयाला मिळतो. सहलीच्या वेळापत्रकात ती दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळे असतात, परंतु वाळू आणि पाण्याच्या हिशेबात त्यांना वेगळे करता येत नाही.

घळईच्या भिंती नवाहो वालुकाश्माच्या आहेत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या प्रारंभी, या प्रदेशात वाळूच्या टेकड्यांचे अफाट वाळवंट पसरले होते. वारा वाळूचे कण टेकडीच्या सौम्य उतारावरून माथ्यापर्यंत ढकलत असे आणि ते पलीकडच्या तीव्र उतारावर घसरून पडत. भिंतींवर आज दिसणाऱ्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा म्हणजे त्या घसरणीचे थर होत आणि त्यांच्या कलावरून त्या काळच्या वाऱ्याची दिशा ओळखता येते. याहून मोठे आश्चर्य या कणांच्या उगमाचे आहे. वाळूतील झिरकॉन या टणक खनिजाचे वय मोजल्यावर असे दिसून आले की, तिचा बराचसा भाग खंडाच्या पूर्वेकडील ॲपलेशियन पर्वतरांगेतून झिजून आला असावा. प्राचीन नद्यांनी ती पश्चिमेकडे आणली आणि वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या. पुढे त्यांवर नवे थर साचले, भूजलातील कॅल्साइट आणि लोहाच्या ऑक्साइडांनी कण एकमेकांशी जखडले गेले आणि वाळूचा दगड झाला.

या दगडात घळई कोरली गेली ती अचानक येणाऱ्या पुरांमुळे. येथे पाऊस कमी पडतो, पण वळवासारखा कोसळतो. उघड्या खडकावर माती आणि झाडे फारशी नसल्याने पाणी मुरण्याऐवजी धावत सुटते आणि खडकातील भेगांमध्ये शिरते. हे पाणी एकटे नसते. त्याने वाटेतील वाळू उचललेली असते आणि तीच वाळू तळ व भिंती खरवडत जाते. शालेय भूगोलात ज्याला अपघर्षण म्हणतात, ती हीच क्रिया. ओढ्याचा तळ वेगाने खाली जातो, परंतु हवा कोरडी असल्यामुळे भिंतींचे वरचे भाग झिजून ढासळण्याचे काम फार संथ चालते. म्हणून घळई खोल होते, रुंद होत नाही. अँटेलोपचे वरची घळई आणि खालची घळई असे दोन भाग आहेत. वरच्या घळईत भिंती सुमारे ३७ मीटर उंच आहेत, तर काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही बाजूंच्या दगडाला लागतात. भोवऱ्यांनी घासलेले गोलाकार कोनाडे पाहताना निघोजच्या कुकडी नदीतील रांजणखळग्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे खडक बेसाल्टचा आणि हत्यार गोट्यांचे असले, तरी कारागीर तोच आहे.

या पुरांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय घळईत उतरू नये. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळईत आलेल्या पुरात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. घळईच्या जागी तेव्हा फारसा पाऊस झालेला नव्हता. तो काही किलोमीटर वर, ओढ्याच्या पाणलोट क्षेत्रात कोसळला होता. डोक्यावरचे आकाश पाहून येथे धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. ही जमीन नवाहो या अमेरिकेतील मूलनिवासी लोकांची आहे आणि त्यांच्या परवानगीने काम करणाऱ्या वाटाड्यांशिवाय घळईत प्रवेश मिळत नाही. आता खाली उतरण्यासाठी खडकात पक्के बसवलेले लोखंडी जिने आहेत आणि पावसाच्या पूर्वसूचनेनुसार फेऱ्या थांबवल्या जातात. फेरी रद्द झाल्यावर वाटाड्यांशी हुज्जत घालणारे पर्यटक पाहिले की वाईट वाटते.

घळईतील रंगांची कीर्ती योग्यच आहे, मात्र सगळे रंग दगडाचे नाहीत. वरच्या फटीतून आलेला सूर्यप्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर परावर्तित होत खाली उतरतो आणि प्रत्येक वेळी लोहयुक्त दगड त्यातील निळा भाग अधिक शोषून घेतो. त्यामुळे प्रकाश जितका खोल जाईल तितका नारिंगी आणि लाल होत जातो. ज्या खोबणींना केवळ निळ्या आकाशाचा उजेड मिळतो, त्या जांभळट दिसतात. वरच्या घळईत दुपारी तळापर्यंत पोचणारे प्रकाशाचे झोत प्रामुख्याने उन्हाळ्यात दिसतात. २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ७६ अंशांवर असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात जेमतेम ३० अंशांवर. झोत डोळ्यांना दिसतो तो हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीमुळे.

खरवडलेली वाळू पूर्वी कोलोरॅडो नदीतून खाली ग्रँड कॅन्यनकडे वाहत जात असे. १९६३ साली २१६ मीटर उंचीच्या ग्लेन कॅन्यन धरणामागे पाणी साठू लागले आणि ही वाट बंद झाली. जलाशय पूर्ण संचय पातळीला पोचायला १९८० उजाडले. नदीचा गाळ आता शांत पाण्यात खाली बसतो, आणि धरणाखाली सोडले जाणारे पाणी थंड, स्वच्छ व हिरवट असते. या स्वच्छतेची किंमत खालच्या ग्रँड कॅन्यनला मोजावी लागते, कारण तेथील वाळूचे किनारे झिजतात पण भरून येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून १९९६ पासून अधूनमधून मोठा विसर्ग सोडून नदीतळातील वाळू किनाऱ्यांवर चढवण्याचे प्रयोग केले जात आहेत.

बोटीतून जाताना सर्वांत आधी नजरेत भरतो तो काठच्या लाल कड्यांवरील पांढरा पट्टा. पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट खडकावर बसून तो तयार झाला असून पाणी पूर्वी कुठपर्यंत होते हे तो दाखवतो. कोलोरॅडोच्या पाण्याची वाटणी नदीखोऱ्यातील राज्यांच्या १९२२ च्या करारात तुलनेने ओल्या वर्षांच्या आकड्यांवर केली गेली. नदीत प्रत्यक्षात तेवढे पाणी नाही. त्यात दीर्घ अवर्षण, बाष्पीभवन आणि सच्छिद्र वालुकाश्मात पाझरणारे पाणी यांची भर पडली. २०२३ च्या आरंभी पाण्याची पातळी पूर्ण संचय पातळीपेक्षा सुमारे ५५ मीटर खाली गेली होती.

अँटेलोप घळईचे मुखही या जलाशयात बुडालेले असून तेथे कयाक या वल्ह्याच्या अरुंद होडीने जाता येते. पाणी उतरते तेव्हा अशा उपघळयांमध्ये साचलेला गाळ उघडा पडतो, पावसाळी पूर त्यात नवी वाट कापतात आणि काही ठिकाणी विलो व कॉटनवुडची झाडे पुन्हा उगवतात. त्या वाटेने निघालेली वाळू मात्र धरणापलीकडे जात नाही. उतरलेल्या पाण्याच्या नव्या काठाशी ती पुन्हा थर रचू लागते.