तपासणीची वारंवारता आणि नेम

रोगाची चाचणी किंवा औषध किती अंतराने आणि कोणाला द्यायचे, हे ठरवण्याची सार्वजनिक आरोग्यातील पद्धत. अंतर रोगाच्या चालीवरून ठरते; नेम, म्हणजे माणसांची निवड, जोखमीवरून. ‘जितक्या जास्त तपासण्या तितके बरे’ हा समज इथे बहुधा फसतो.

हत्तीरोगाचे उदाहरण घ्या. त्याचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात वर येतात. दिवसा टोचलेल्या बोटातून काचपट्टीवर काहीच सापडत नाही, म्हणून पथके जेवणवेळ उलटल्यावर दारात येतात. गोळ्या वर्षातून एकदाच, पण लक्षणे नसलेल्यांनाही, कारण जंतू बाळगणारा बहुतेकदा धडधाकट दिसतो. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बायका आणि गंभीर आजारी एवढेच वगळतात. क्षयरोगात याउलट झाले: आठवड्यातून तीनदा दिली जाणारी औषधे देशभर २०१७ पासून रोज सुरू झाली.

या विषयावर जगभर दाखला दिला जातो तो मात्र मराठवाड्यातल्या एका अभ्यासाचा. गर्भाशयमुखाचा, बायकांच्या बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा’, कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो. संसर्ग सर्रास होतो आणि बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिलेल्या संसर्गातून कर्करोग व्हायला मात्र साधारण १५ ते २० वर्षे लागतात. विशीतल्या मुलीला दरवर्षी तपासले तर जाणारे संसर्गच हाती लागतात आणि नको ते उपचार मागे लागतात. तिशीनंतर एकदा केलेली चाचणी वेळेवर पडते.

हे प्रत्यक्षात तपासले गेले तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात. टाटा मेमोरियल केंद्र, शेजारच्या बार्शीतील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये काम सुरू केले. ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा चार गटांत वाटल्या गेल्या. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अॅसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहणे (हे आम्ल म्हणजे स्वयंपाकातले व्हिनेगरच), तर चौथ्या गटाला नेहमीच्याच सेवा. प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांनंतर एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे, म्हणजे एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी नकारात्मक आली त्यांच्यात पुढे कर्करोगाचे प्रमाण दर लाख व्यक्तिवर्षांमागे (एकीवर एक वर्ष लक्ष ठेवले की एक व्यक्तिवर्ष) ३.७ इतके कमी होते. डाग न दिसलेल्यांत ते १६ होते. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. जगाला मिळालेल्या उत्तरात या बायकांच्या मृत्यूंचाही हिशेब आहे.

नेम नसला की काय होते, तेही शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते अशा तक्रारींवर ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीने ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. फडावर खाडा पडला की दंड बसतो, पाळीचे दिवस परवडत नाहीत, त्यामुळे ‘पिशवी काढून टाका’ हे सोपे वाटे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पांढरे जाण्याचे कारण बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो. त्याला गोळ्या पुरतात.

जागतिक आरोग्य संघटना आता तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी आहे.

मराठवाड्यात मात्र पंचांगही पाहावे लागते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. जानेवारीत गावात शिबिर लावले तर मांडवात म्हाताऱ्या बसलेल्या दिसतात, शाळेत जाणारी नातवंडे मांडीवर घेऊन. पस्तिशीतल्या त्यांच्या सुना तेव्हा फडात मोळ्या बांधत असतात.