एमसीबी आणि आरसीसीबी: हॉटेलच्या स्वयंपाकघरात शॉकपासून कोण वाचवतो?
पुण्यातील पेठांमधल्या खानावळींत आणि मिसळीच्या हॉटेलांत डीबी (वीजवाटपाची पेटी) उघडली की एमसीबींची, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचांची, रांग दिसते, आणि तेवढ्यावर मालक निर्धास्त असतात. ही निर्धास्ती अस्थानी आहे, कारण एमसीबी माणसासाठी नव्हे, वायर वाचवण्यासाठी बसवलेला असतो.

16 अँपिअरचा एमसीबी भार फार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो (आपोआप बंद होतो). धुतलेल्या फरशीवर ओल्या हातांनी मिक्सर लावणाऱ्या कामगाराच्या शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्याच्यातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. जीव घ्यायला तो पुरेसा आहे. एमसीबीच्या लेखी मात्र तो पन्नासेक वॅटच्या दिव्याचा भार.

आरसीसीबी या दुसऱ्या स्विचचे काम निराळे आहे. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पुरा परत आला की नाही, एवढाच हिशेब तो ठेवतो, आणि 30 मिलिअँपिअरची तूट आढळली की 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. अर्थिंग (उपकरणाचे अंग जमिनीशी जोडणारी तार) चांगले असेल तर मिक्सरच्या धातूच्या अंगावर आलेली वीज त्या वाटेने जाते आणि हात लागण्यापूर्वीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर मात्र ती वाट माणसाच्या शरीरातून जाते, म्हणजे झटका बसल्यावरच सुटका. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही. शिवाय जादा भार त्याला ओळखता येत नाही, म्हणून एमसीबी काढून तो बसवणे हाही वेडेपणाच. दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो.

खरी अडचण पुढे येते. पावसाळ्यात रात्रभर बंद राहिलेल्या हीटरच्या कॉइलमध्ये ओल शिरून थोडा प्रवाह अर्थिंगकडे गळतो, डीप फ्रीजरची थोडी गळती त्यात मिळते, आणि सगळ्या प्लगांना मिळून एकच आरसीसीबी असेल तर ऐन गर्दीत तो पडतो. मग वायरमनला बोलावून तो 'डायरेक्ट' करून घेतला जातो, म्हणजे त्याला वगळून तारा थेट जोडल्या जातात. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या उपकरणाच्या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ दिला, तर दोष कुठे आहे ते लगेच कळते आणि बाकीचे स्वयंपाकघर चालू राहते. त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबावे, मात्र त्याने फक्त आतील यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग वेगळे मोजून घ्यावे लागते.