डबीतला गंधार

पंधरा वर्षांपूर्वी बेळगावातल्या अनगोळच्या घरी मी गिटारसाठी पहिले फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी पायाशी ठेवायची डबी, तयार केले, तेव्हा त्यातून सर्वांत आधी ऐकू आल्या त्या आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावरील कन्नड बातम्या. गिटारची एकही तार मी छेडलेली नव्हती. आतल्या खोलीतून आजीने रेडिओ जरा बारीक करायला सांगितले. घरातला रेडिओ तर तीन वर्षांपासून बंद होता.

हा चमत्कार नव्हे. धारवाड केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ७६५ किलोहर्ट्झ कंप्रतेवर चाले, आणि गिटारपासून पेडलपर्यंतची तीन-चार मीटर लांबीची केबल, तिचे आवरण नीट जोडलेले नसेल तर, अँटेनाचे काम करते. पेडलमधल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन भागांमधला सांधा विद्युतप्रवाहाला एकाच दिशेने सहज जाऊ देतो. त्यामुळे रेडिओ लहरीचा अर्धा भाग छाटला जातो आणि तिच्या उंचीत दडलेला निवेदकाचा आवाज मोकळा होतो. जुन्या क्रिस्टल रेडिओत गॅलिना या खनिजाचा खडा हेच काम करीत असे. फझ पेडल हे मुळात प्रचंड वर्धन करणारे सर्किट असल्याने तो मोकळा झालेला क्षीण आवाजही स्पीकरपर्यंत खणखणीत पोचतो.

मात्र रेडिओ पकडणारा हा दोष आणि गिटारच्या आवाजाला धार आणणारा गुण, या दोहोंचे मूळ एकच आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. आत जाईल त्याच आकाराची लहर बाहेर न देणे, तिला वाकवणे किंवा छाटणे, हेच ते मूळ होय.

समजा गिटारची पाचवी तार, म्हणजे ११० हर्ट्झचा स्वर, आपण छेडला आणि त्यालाच षड्ज मानले. तारेच्या कंपाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या पिकअपमधून येणारा संकेत साधारण १०० मिलिव्होल्टचा धरला आणि तो तीनशे पट मोठा करायचा म्हटले, तर ३० व्होल्ट हवेत. डबीतल्या बॅटरीत असतात ९. वर छप्पर आणि खाली फरशी असलेल्या खोलीत उंच उडी मारणाऱ्याचे डोके जसे छपराला टेकते, तसे लहरीचे शेंडे सपाट होतात. वरचे आणि खालचे शेंडे सारखेच छाटले गेले, तर मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे स्वरांश नव्याने तयार होतात. ३३० हर्ट्झ म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम आणि ५५० हर्ट्झ म्हणजे त्याहून वरचा शुद्ध गंधार. एकच बाजू अधिक छाटली गेली, तर २२० आणि ४४० हर्ट्झचे षड्जही त्यांत मिसळतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे ज्यांनी कान देऊन ऐकले आहे, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल.

आमच्या भागातल्या गाण्याच्या घरांतून तंबोरा बहुधा मिरजेचाच असतो. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी हलका उतार देऊन घासतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतो. यालाच आपण जवारी लावणे म्हणतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची हालचाल साधी राहत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात हेच दाखवून दिले होते. तार एखाद्या स्वरांशाच्या स्थिर बिंदूवर छेडली, तर तो स्वरांश उमटू नये, असा जुना नियम होता. वीणा आणि तंबोरा यांत तो तरीही स्पष्ट उमटतो, आणि त्याचे कारण घोडीच्या त्या वक्र पृष्ठभागात आहे. घोडी जे लाकडाने किंवा हाडाने करते, ते ट्रान्झिस्टर सिलिकॉनने करतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. तंबोऱ्यात प्रत्येक तारेला आपला स्वतंत्र दोरा असतो. गिटारच्या सहाही तारा मात्र एकाच केबलमध्ये एकत्र होतात आणि त्यानंतर त्यांची जवारी लागते. एकत्र झालेले दोन स्वर छाटले गेले, की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ यांची वजाबाकी ५५, म्हणजे खालचा षड्जच. त्यामुळे फझ लावून सा-प वाजवले की आवाज भरदार लागतो, आणि रॉक वादक वारंवार याच जोडीकडे का वळतात, तेही कळते. षड्ज आणि गंधार यांची जोडी घेतली, तर शुद्ध गंधार १३७.५ हर्ट्झला असता वजाबाकी २७.५ आली असती, तीही षड्जाचीच. परंतु गिटारच्या पडद्यांवरचा समविभागी, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून मिळणारा, गंधार १३८.६ च्या आसपास असतो आणि वजाबाकी २८.६ येते. हा एका हर्ट्झचा फरक चिखल कालवल्यासारखा ऐकू येतो. पेटीच्या गंधाराबद्दल जुने गवई जी तक्रार करीत, तीच इथे दसपट मोठी होऊन समोर येते.

या आवाजाचा शोधही बिघाडातूनच लागला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज तसाच ठेवण्यात आला. ध्वनी अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी पुढे त्याची नक्कल करणारे सर्किट बांधले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते मेस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणले. मी बांधले ते मात्र १९६६ च्या फझ फेस या पेडलचे रूप होते: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब, एवढाच त्याचा संसार. मूळच्या पेडलात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. त्यांचा आवाज मऊ असतो, परंतु तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांतून गळणारा प्रवाह सुमारे दुप्पट होतो, म्हणजे बेळगावच्या एप्रिलमधल्या दुपारी आणि श्रावणातल्या रात्री एकच पेडल वेगवेगळे बोलते. मी सिलिकॉनचे बीसी १०८ वापरले होते. ते स्थिर असतात, पण रेडिओच्या कंप्रतेलाही सहज साथ देतात. धारवाड घरात आले ते त्यामुळेच.

उपाय स्वस्त होता. गिटारचा संकेत जिथे आत येतो, तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडला, की साधारण १५९ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे क्षीण होत जाते. आपले कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकतच नाहीत, त्यामुळे संगीताचे काही बिघडत नाही. तेजस्वी धार किंचित कमी होते, आणि मला ती तशीच आवडते. बातम्या पुटपुटण्याइतक्या उरल्या. उरलेले काम धातूच्या बंद डबीचे होते. बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार करणारा कारखाना असला, तरी ॲल्युमिनियमची ओतीव डबी मात्र मला बाहेरून मागवावी लागली. सर्किट तिच्यात बसवून डबी ग्राउंडला जोडताच धारवाड गप्प झाले.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण उघडी डबी वाईट दिसते म्हणून मी तिला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून आजीच्या इरकल लुगड्याच्या काठासारखा लालभडक पावडर कोट करून आणला, आणि जोडणी पूर्ण करताच बातम्या परत सुरू झाल्या. पावडर कोटिंगमध्ये रंगाची भारित भुकटी डबीला चिकटते ती डबी विद्युतवाहक असते म्हणूनच. पण १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत वितळून एकजीव झाली, की तीच भुकटी उत्तम विद्युतरोधक होते. कारागिराने आत-बाहेर सगळीकडे मनापासून रंग दिला होता. परिणामी केबल खुपसायच्या जॅकचा डबीशी आणि झाकणाचा डबीच्या काठाशी असलेला संपर्क तुटला होता. जॅकच्या छिद्राभोवती, आतल्या बाजूने, वॉशर बसेल तेवढे वर्तुळ आणि झाकणाचा काठ मी चाकूने खरवडून धातू उघडा केला, आणि घरात पुन्हा शांतता झाली.

दुसऱ्या पेडलला रंग दिलाच नाही. आजीच्या लुगड्यावरची कसुती या भरतकामाची नक्षी मी आलेखाच्या कागदावर उतरवून घेतली. कसुती धागे मोजून घालतात, त्यामुळे ती चौकोनांत अचूक बसते, आणि सुटे भाग जोडायच्या जनरल पर्पज पीसीबीच्या (सर्किटच्या पट्टीच्या) छिद्रांवरही बसली असती. गावंती टाक्यात कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच दिसते. पीसीबीच्या दोन बाजू मात्र एकमेकींचे आरसे असतात, आणि ते विसरून मी ट्रान्झिस्टरचे पाय दोनदा उलटे लावले आहेत. डबीवर नेलपॉलिशने झाकून उरलेल्या रेषा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कोरायच्या होत्या. ॲल्युमिनियमवर हे द्रावण जोरात चालते, उष्णता आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून ते काम मागच्या अंगणात, हातमोजे घालून, डबी काही सेकंदच बुडवून लगेच धुण्याच्या पद्धतीने केले. द्रावण जुने होते. आधी त्यात पीसीबीचे तांबे विरघळवले होते. ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील असल्याने त्याने त्या तांब्याची जागा घेतली आणि तांबे नक्षीच्या रेषांत लालसर गाळ होऊन बसले. आजीला तो रंग आवडला. पण तो नुसता गाळ होता, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने चोळताच निघून गेला, आणि खाली उरलेल्या खरबरीत करड्या रेषांत मी काळा ऑइलपेंट भरला.