मेनू नव्हे, एक बाइट

डिप्लोमाला इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स कोड (सोळाच्या पायातले आकडे) टाकून ज्यांची बोटं दुखली आहेत, त्यांना एक जुना ओळखीचा भेटेल अशी जागा सांगतो. टीआय-८३ प्लस हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा १९९९ सालचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर, अमेरिकेतल्या शाळांमध्ये सर्रास पोचलेला. त्याच्या पोटात ६ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आहे. झेड-८० आणि ८०८५, दोघांचं मूळ इंटेलच्या ८०८०मध्ये. त्यामुळे आपण 'सीपीआय'साठी, म्हणजे ५शी तुलना करण्याच्या आज्ञेसाठी, जे 'एफई ०५' टाकायचो, तेच दोन बाइट इथेही जसेच्या तसे चालतात. नाव तेवढं 'सीपी' झालं.

या यंत्राच्या बेसिक भाषेत मेनूची तयार आज्ञा आहे. पडद्यावर ओळी ८, म्हणून शीर्षक एक आणि पर्याय फार तर ७. आपल्या मर्जीचा मेनू हवा तर असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत, उतरायचं.

उतरल्यावर कळतं, की इथे मेनू नावाची वस्तूच नाही. मेमरीत असतो एक बाइट: पाच पर्याय असतील तर ० ते ४ यांपैकी एक अंक. बाकी सगळा देखावा. पर्यायांची नावं एकामागोमाग लिहून ठेवायची, प्रत्येकाच्या शेवटी शून्य. 'पुट-एस' हे यंत्रातलंच रुटीन (तयार छोटा प्रोग्रॅम) शून्यापर्यंत छापतं आणि एचएल रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला पत्ता ठेवायचा कप्पा, पुढच्या नावाच्या तोंडाशी आणून सोडतं. निवडलेली ओळ छापण्याआधी एक बिट चालू केला, की अक्षरं काळ्यावर पांढरी उमटतात. ती छापून झाल्यावर बिट बंद करायला विसरलात, तर खालच्या सगळ्या ओळी काळ्या. हे एकदा तरी होतंच.

अशी रुटीनं बोलावण्याची रीत मला फार आवडते. 'आरएसटी २८' (२८ हेक्समधले) ही ठरलेल्या पत्त्यावर जाण्याची एका बाइटची आज्ञा म्हणजे आपला ८०८५चा 'आरएसटी ५', कोड तोच, 'ईएफ'. त्याच्यामागे दोन बाइटांचा क्रमांक लिहायचा. यंत्र त्यावरून रुटीन फ्लॅश मेमरीच्या कुठल्या पानावर आहे ते शोधतं, पान उलटतं, काम करून परत येतं. रुटीनचा पत्ता पुढच्या आवृत्तीत बदलला तरी आपला प्रोग्रॅम चालू राहतो.

मग कळफलक. 'गेट-सीएससी' या रुटीनला विचारलं की ए रजिस्टरमध्ये उत्तर येतं: खालचा बाण १, वरचा ४, एंटर ९, काहीच दाबलं नसेल तर ०. बाणानुसार आपल्या बाइटमध्ये एक मिळवायचा किंवा वजा करायचा. पूर्ण पडदा पुन्हा रंगवला तर लुकलुकतो. जुनी आणि नवी अशा दोनच ओळी छापाव्यात. कळफलक तपासण्याच्या फेऱ्यांच्या मध्ये 'हॉल्ट' ही आज्ञा टाकली, की पुढच्या इंटरप्टपर्यंत (प्रोसेसरला जागं करणाऱ्या इशाऱ्यापर्यंत) प्रोसेसर डुलकी घेतो आणि बॅटरी वाचते.

एंटर दाबल्यावर बाइट दुप्पट करायचा आणि प्रत्येक पर्यायाचं काम कुठे आहे त्या पत्त्यांच्या तक्त्यात तेवढं पुढे जायचं, कारण प्रत्येक पत्ता दोन बाइटांचा, धाकटा बाइट आधी. तिथे जे असेल तिकडे उडी.

खरी खोच पहिल्या पर्यायावर वरचा बाण दाबला की कळते. शून्यातून एक गेला की बाइट उणे एक होत नाही, २५५ होतो. हे तपासायचं राहिलं असेल आणि त्यावर एंटर दाबलं, तर तक्त्याच्या पलीकडचा कसलातरी कचरा पत्ता समजून उडी घेतली जाते. मग बहुतेक वेळा पडद्यावर दोनच शब्द उरतात: 'रॅम क्लिअर्ड'. आर्काइव्हमध्ये, म्हणजे फ्लॅश मेमरीत, न ठेवलेला प्रोग्रॅम त्याबरोबरच गेलेला असतो.