दहावीच्या लेकराची झोप आणि घरातली सकाळची भांडणं

"सर, उठतच नाही हो, रात्री बारा बारा वाजेपर्यंत टक्क जागा असतो आणि सकाळी कितीबी हाका मारा, हालत नाही." पालकसभेत हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं, आई बोलत असते, बाबा शेजारी मान हलवत असतात आणि पोरगं खाली बघून उभं असतं. सगळ्यांचं निदान एकच, आळस आणि मोबाईल. मी सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि या लेकरांची बाजू मला मांडायचीच आहे, कारण त्यांच्या उशिरा झोपण्यातला बराच भाग त्यांच्या हातातच नाहीये, तो त्यांच्या शरीराच्या घड्याळाचा आहे.

हे घड्याळ खरोखर असतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा जिथं एकमेकींना ओलांडून जातात त्याच्या जरा वर पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत, दोन्ही मिळून साधारण २० हजार पेशी. या पेशींमधली काही जनुकं दिवसभरात ठरलेल्या तालात चालू-बंद होतात आणि त्यावर झोप, भूक, शरीराचं तापमान सगळं चालतं. ही जनुकं कशी काम करतात हे फळमाशीवर शोधून काढलं म्हणून हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. बाहेर अंधार पडला की हे घड्याळ मेलाटोनिन नावाचं हार्मोन सोडायला सांगतं, म्हणजे शरीराला खबर जाते की आता रात्र झाली, झोपायची तयारी करा.

आता खरी गंमत इथं आहे. लेकरू वयात यायला लागलं की ही खबर उशिरा पोचते, एक ते दोन तास उशिरा. चौथीत असताना नऊला पेंगणारं पोरगं नववीत गेलं की अकरापर्यंत ताजंतवानं असतं, त्याला नऊला अंथरुणात ढकललं तरी ते नुसतं छताकडं बघत पडतं. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी कितीतरी वर्षं किशोरवयीन मुलांच्या झोपेचा अभ्यास केलाय, हा सरकलेला वेळ त्यांच्या कामातून ठळकपणे पुढं आला. आणि हे फक्त माणसात नाही बरं का, माकडं आणि उंदरांच्या वयात येणाऱ्या पिल्लांमध्येही असं सरकणं दिसलंय, त्यांच्या हातात तर मोबाईल नसतो. म्हणजे मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, आधीच उशिरा येणारी झोप तो अजून पुढं ढकलतो, पण मूळ कारण तो नाही.

दुसरी एक गोष्ट पण चालू असते. आपण जागे असताना मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, टाकीत हळूहळू पाणी चढावं तसं, आणि ते भरत आलं की डोळे मिटायला लागतात. किशोरवयात ही टाकी सावकाश भरते, म्हणून ही मुलं रात्री जास्त वेळ तग धरतात. त्यात अभ्यासाला जागायचं म्हणून रात्री दहाला आई प्रेमानं चहा करून देते, चहातलं कॅफिन अॅडिनोसिनची जागाच अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. माऊलीनं दिलेला तो कप पोराची झोप नेतो, बिचारीला माहितच नसतं.

आता हिशोब करा. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. झोप लागते साडेअकराला, सकाळची शाळा सातची किंवा क्लासची बॅच सहाची, म्हणजे उठायचं साडेपाचला. सहा तास झाले. रोज कमीत कमी दोन तासांची तूट, सहा दिवसांत बारा तासांची. मग रविवारी अकरापर्यंत झोपतं, आपण ओरडतो, आणि उशिरापर्यंत झोपल्यानं त्याचं घड्याळ अजून पुढं सरकतं म्हणून रविवारी रात्री परत झोप येत नाही. सोमवारचा पहिला तास मी घेतो तेव्हा अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो, मला दिसतं ते, आणि खरं सांगायचं तर कीव येते.

एवढं करून मार्क वाढतात का? दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते मोठ्या प्रमाणात झोपेत. गाढ झोपेत मेंदू दिवसभरातलं परत परत उजळणी केल्यासारखं चालवतो आणि कच्ची आठवण टिकाऊ होते. म्हणजे झोप कापून केलेला अभ्यास हा अर्धाच अभ्यास झाला. हे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांना पटतं, घरी पटवणं अवघड जातं कारण शेजारचा मुलगा दोन वाजेपर्यंत जागून अभ्यास करतो म्हणे.

पण मला मार्कांपेक्षा घरातल्या वातावरणाचं जास्त बोलायचंय. मेंदूत अमिग्डाला म्हणून भाग आहे, राग, भीती, धोका हे तिथून उठतं, आणि कपाळामागचा पुढचा भाग त्याला आवर घालतो. हा पुढचा भाग पूर्ण पिकायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं, म्हणजे दहावीच्या लेकराकडं आवर घालणारं यंत्रच अजून कच्चं आहे. २००७ साली तरुण मंडळींवर एक प्रयोग झाला, एक रात्र झोपू दिलं नाही आणि मग त्रासदायक चित्रं दाखवली, तर झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डाला सुमारे ६० टक्के जास्त भडकला आणि पुढच्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडला. आता हेच घरात बघा, कमी झोपलेलं लेकरू, कमी झोपलेली आई, नाईट शिफ्ट करून आलेले बाबा, आणि सकाळी पावणेसहाला "उठ की रे" वरून सुरुवात. आवाज चढतात, दार आपटतं, डबा न घेता पोरगं निघून जातं. यात वाईट कोणीच नाही, सगळे दमलेले आहेत.

आपल्या सोलापुरात तर झोपायला निसर्गपण साथ देत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं, हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते करतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, दिवसभर तापलेला पत्रा आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत गरमी सोडत राहतो, मग शरीर थंड कसं होणार. पूर्व भागात कितीतरी घरं अशी की भिंतीपलीकडं कापड विणायचा लूम चालू, जवळ उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं एवढा आवाज. त्या आवाजाची सवय झालीय असं लोक म्हणतात, पण कान झोपेतही ऐकत असतात आणि गाढ झोप परत परत उथळ होत राहते. एकच खोली असेल तर आई रात्री हजार विड्यांचा आकडा पुरा करत दिव्याखाली बसलेली आणि तिथंच लेकरू झोपायचा प्रयत्न करतंय. आणि नळाला पाणी येतं ते पण काही दिवसांनी एकदा, कधी मध्यरात्री तर कधी पहाटे, की सगळं घर उठून भांडी भरायला. अशा घरातल्या मुलाला "वेळेवर झोपत जा" एवढं सांगून भागत नाही हो.

तरी काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत आणि फुकटातल्या आहेत. सगळ्यात ताकदीचा उपाय म्हणजे सकाळचं ऊन. डोळ्यांवर सकाळी लवकर उजेड पडला की ते घड्याळ मागं सरकतं आणि रात्री झोप जरा आधी येते, म्हणून उठल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर किंवा दारात बसवा, दूध-चहा तिथंच द्या, पुस्तक घेऊन बसलं तरी चालेल. उन्हाची आपल्याकडं कमी नाही. रात्री याच्या उलट, नऊनंतर मोठी ट्यूब बंद, अभ्यासाच्या जागी छोटा दिवा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारी तास-दीड तास जास्त झोपू द्या, त्याहून जास्त नको. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-तीस मिनिटांची डुलकी चांगली, संध्याकाळी सहाला झोपलं तर मात्र रात्रीचं गणित बिघडतं. उन्हाळ्यात झोपायच्या आधी हातपाय धुऊन ओले सोडा, पंख्याखाली पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, आपली आजी सांगायची त्यात शास्त्र आहे. पाण्याची पाळी रात्रीची असेल तर परीक्षेच्या दिवसांत त्या लेकराला उठवू नका, बाकीच्यांनी मिळून भरा. आणि मोबाईल काढून घ्यायचा असेल तर घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री एकाच जागी, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, बाबांचा पण. एकट्या पोराचा काढून घेतला की ती शिक्षा होते. अजून एक, रात्री जेवणानंतर मार्कांचा विषय काढूच नका, भांडून अंथरुणात गेलेल्या मेंदूला झोप येत नाही, जे बोलायचं ते संध्याकाळी बोला.

शाळांचं पण बोललं पाहिजे. अमेरिकेत सिअॅटल शहरानं २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली, संशोधकांनी तिथल्या दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटाला यंत्रं बांधून मोजलं तर झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली होती. मुलं मिळालेला वेळ जागण्यात घालवतील ही भीती खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियात तर कायदाच झाला, २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊला किंवा नंतर भरवा असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. लहानांना उशीर दिला ते चांगलंच झालं, पण घड्याळ ज्यांचं सरकलंय ती नववी-दहावीची लेकरं त्यात नाहीत. दोन सत्रांच्या शाळेला वर्गखोल्यांची अडचण असते हे मी आतून बघतो, तरी मोठ्या वर्गांना दुपारचं सत्र देता येतं का हे पालकांनी विचारलं पाहिजे, आणि सकाळी सहाच्या बॅचचं तर क्लासवाल्यांशी सरळ बोलता येतं, पाच-दहा पालक मिळून गेले तर ऐकतात ते.

आता एक काळजीची गोष्ट. सगळंच झोपेवर ढकलू नका. मुलगी पुरेशी झोपूनही दमलेली असेल, धाप लागत असेल, चेहरा पांढुरका दिसत असेल तर रक्त तपासा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात टाकून आणतात, ती जेवणानंतर खाल्ली जाते का बघा. आणि दोन आठवड्यांच्या वर लेकरू गप्प गप्प असेल, आवडीच्या खेळातून मित्रांतून मन उडालं असेल, जेवण तुटलं असेल, पहाटे तीनलाच जाग येत असेल किंवा दिवसभर झोपूनच राहत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं असेल, तर हे वयाचं म्हणून सोडू नका, त्याच दिवशी जवळ बसून सरळ विचारा, विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. असं काही बोललेल्या लेकराला एकटं सोडू नका. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लेकरू बोलायला तयार नसेल तर आईनं किंवा बाबांनी स्वतः फोन करायचा, काय दिसतंय ते सांगायचं आणि पुढं काय करायचं ते विचारून घ्यायचं.